ज्यूकबॉक्सला हार घालणारा

ताखली, बुधवार दुपार

प्रिय जारुवान,

तुझ्या बाबांचं चरित्र मी आज सकाळी मामाच्या छापखान्यात माझ्या हातांनी जुळवून संपवलं, अक्षराचा एकेक खिळा उचलून. तुझं अक्षर अजून तसंच आहे, गोल, सरळ, ओळीबाहेर पाऊल न टाकणारं. मजकूरही तसाच. इतके दिवस विहारात ठेवलेल्या त्यांच्या देहाला रविवारी अग्नी दिला जाईल, आलेल्या प्रत्येकाच्या हातात हे पुस्तक पडेल, लोक ते घरी नेऊन कपाटात ठेवतील. पुढे कधी कोणी ते उघडलं तर त्याला एवढंच कळेल की ताखलीत प्रयून नावाचा एक सज्जन बर्फाचा व्यापारी होता, त्याने विहाराला कौलं दिली, लेकीला बँकॉकला शिकवलं आणि तो वारला. गाण्याबद्दल एक अक्षर नाही. आठ वर्षं हा माणूस गायला, या भागात रॉक अँड रोल पहिल्यांदा ज्याच्या गळ्यातून ऐकू आलं तो हा माणूस, आणि सख्ख्या लेकीने लिहिलेल्या चरित्रात ती आठ वर्षं नाहीतच. बर्फ, कौलं, लेक, मरण. छान. शाळेच्या निबंधाला दहापैकी दहा.

तुझ्या मजकुराची सात पानं भरली आहेत. आठवं पान कोरं राहतंय. मामा म्हणाला, तिथे कमळाचा ठोकळा टाकू, नेहमीसारखा. ते आठवं पान मला हवंय. त्यावर प्रयूनकाकांचं गाणं यायला हवं. शुक्रवारी दुपारी फर्मा मशीनवर चढेल, त्याच्या आत तुझा होकार हवा. मी प्रूफ वाचताना एवढा ओरडलो की मामाने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “वकील व्हायला गेला होतास, अर्ध्यातून पळून आलास, आणि आता मेलेल्यांची वकिली करतोयस होय? ज्याचा पैसा त्याचा मजकूर. आपण फक्त शाई लावायची.” मी शाई लावतो, जारुवान. पण शाई लावताना वाचताही येतं.

चितेला मानाची पहिली काडी लावायला तुझे होणारे सासरे येणार आहेत म्हणे, कचेरीतले मोठे साहेब. त्यांच्या हातातल्या पुस्तकात ‘बार’ हा शब्द नको, अमेरिकन नकोत, लाल दिवे नकोत. समजतं मला. मी मूर्ख नाही, रागीट आहे. दोन्ही एकच, असं तू त्या दिवशी घाटावर म्हणाली होतीस, ते सोड.

तू लिहिलं आहेस, ‘तरुण वयातच त्यांनी बर्फाच्या व्यवसायात पदार्पण केले.’ पदार्पण. अगं, ते बर्फ ओढायचे. तीनचाकीवर तुसात गाडलेल्या लाद्या घालून कारखान्यापासून अमेरिकन हवाई तळाच्या फाटकापर्यंत, उन्हात, उघड्या अंगाने. तू तेव्हा चार वर्षांची असशील. तो तळ नुकताच आला होता आणि फाटकासमोर एका रांगेत बार उभे राहिले होते. त्यातल्या किमलानबाईंच्या बारमध्ये ज्यूकबॉक्स होता. काका मागच्या दाराने लादी आत घ्यायचे आणि गाणं संपेपर्यंत तिथेच थांबायचे. मग दुसरं लागायचं. पुढच्या बारमध्ये पोचेपर्यंत तीनचाकीखाली ओघळ लागलेला असायचा. ते स्वतःच सांगायचे मला, किमलानबाईंची नक्कल करून: “काय रे ए, बर्फ आणलास की बर्फाचा वास? तुझी लादी रोज माझ्या नवऱ्यासारखी बारीक होत चाललीय.”

आणि मग ती दुपार. पगाराचा दिवस, बार गच्च, सगळे वैमानिक टेबलं वाजवतायत, आणि गाण्याच्या मधोमध वीज गेली. तेव्हा ताखलीत वीज जायचीच. मशीन असं रडकुंडीला येऊन थांबलं. आणि मागच्या दारातून, खांद्यावर ओलं गोणपाट, केसात तूस, अशा माणसाने ते गाणं जिथे तुटलं होतं तिथून उचललं. शब्दाचा अर्थ ठाऊक नाही, पण एकही आवाज चुकीचा नाही. उचक्या, श्वास, मधली ती किंकाळी, सगळं जसंच्या तसं. पाय मात्र त्यांचे स्वतःचे. ओल्या फरशीवर लादी पायाने सरकवायची सवय होती ना, तसा एक पाय रेटत ते दारापासून मधोमध आले. पुढे अख्ख्या ताखलीतली पोरं तशी चालायला लागली. वीज परत आली, मशीन घरघरत सुरू झालं, तर काका त्याच्या दोन ओळी पुढे होते. ते थांबले नाहीत. किमलानबाईंनी जाऊन मशीनचीच वायर काढली. म्हणाल्या, “आता याचं ऐकू. हा विजेवर चालत नाही.”

हे सातांपैकी कुठल्या पानावर आहे, जारुवान? मी शोधलं.

पुढच्या महिन्यात जिमी प्रयून हे नाव बारच्या पाटीवर चढलं. लिके लोकनाट्याच्या मंडळीतला म्हातारा लुआन ढोल सोडून ड्रमवर बसला. रेल्वेतला सोम्बून गिटार वाजवायचा, तोच सोम्बून जो अजून तिकीट खिडकीत बसतो आणि उद्या पहाटेच्या गाडीने हे पत्र बँकॉकला तुझ्याकडे पाठवणार आहे. पण गाण्याआधी लुआनने काकांना अडवलं होतं. “गुरू कोण तुझा?” काका म्हणाले, कोणी नाही, मशीनकडून शिकलो. लुआन घाबरला. मंडळीत वाढलेला माणूस तो, गुरूशिवाय गाणाऱ्याचं काय होतं ते त्याने पाहिलेलं. म्हणाला, “मशीन तर मशीन. शिकवलं ना त्याने? मग पूजा कर. नाहीतर मी काठी उचलणार नाही.” आणि काकांनी केली. दर गुरुवारी, दुपारी बार उघडायच्या वेळी, ज्यूकबॉक्ससमोर उदबत्ती, मेणबत्ती, दूर्वा, वांग्याची फुलं, गुरूला वाहतात ते सगळं, आणि वरून झेंडूचा हार. तीन वेळा डोकं टेकवायचं. किमलानबाई कपाळाला हात लावायच्या. “पूजा कर बाबा, पण राख मशीनच्या पोटात पाडू नकोस, दुरुस्तीवाला गोरा महिनाभर येत नाही.” लोकांनी हसून घेतलं. एक तांबूस केसांचा शिपाई मात्र गाणं लावायला नाणं घेऊन आला होता, तो टोपी काढून बाजूला उभा राहिला, पूजा होईपर्यंत. मग त्याने काकांकडे पाहिलं, नाणं टाकू का, असं. काकांनी मान हलवली. मला हे ते हसत हसत सांगायचे, पण त्या शिपायापाशी आले की हसू थांबायचं.

आता कौलांचं सांगतो. तू लिहिलं आहेस, ‘विहाराच्या छपरासाठी त्यांनी उदारहस्ते दान केले.’ दान? त्या कौलांसाठी ते घसा फुटेपर्यंत गायले. विहाराच्या जत्रेत दरवर्षी रामवोंगचा, फेर धरून नाचायचा, मंडप असायचा. त्या वर्षी मोठ्या भन्तेंनी निरोप पाठवला की बर्फवाल्याला बोलवा. लोक दचकले. बारमधला माणूस विहाराच्या अंगणात? भन्ते म्हणाले, “तिथले लोक दारू पिऊन ऐकतात, इथले चहा पिऊन ऐकतील. गाणं तेच.” तीन गावांमधून माणसं आली. बैलगाड्यांनी आली. म्हाताऱ्या बायका लुंगी खोचून तो पाय रेटायचा नाच नाचल्या, माझी आजी त्यात होती. त्या जत्रेच्या पैशातून ते छप्पर झालं. रविवारी तुझे सासरे ज्या छपराखाली खुर्ची टाकून बसतील ते रॉक अँड रोलचं छप्पर आहे, हे त्यांना कळलं तर काय होईल? खुर्ची उन्हात घेऊन जातील?

बघ, पुन्हा सासऱ्यांवर आलो. मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. ‘थावीपला बाबांच्या गाण्याचं काही पडलेलं नाही, त्याला माझ्या लग्नाचं पडलंय.’ दोन्हीचं पडलंय. खोटं कशाला बोलू. लोक समजतात, सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं. भांडलो, खरं आहे, पुस्तकही आपटलं. पण ते निमित्त. त्याच्या आदल्या आठवड्यात तू घाटावर उभी राहून, होडीकडे बघत, माझ्याकडे नाही, सांगितलंस की तुझ्याशी लग्न म्हणजे पुन्हा ताखली. एवढंच. पुन्हा ताखली. होडी आली, तू चढलीस, आणि कायद्याच्या पुस्तकात मला वाचण्यासारखं काही उरलं नाही. तू नसशील तर बँकॉकमध्ये मी करू काय? तिथला पाऊससुद्धा माझ्या ओळखीचा नव्हता. परत आलो, मामाकडे खिळे उचलायला लागलो, आणि संध्याकाळी तुझ्या बाबांच्या बर्फाच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. तुझ्या बाबांकडे बसलं की निम्मं तुझ्याकडे बसल्यासारखं वाटायचं. त्यांना ते कळत होतं. एकदा म्हणाले, “तू इथे गरम होऊन येतोस आणि माझा माल वितळवतोस.”

एक गोष्ट मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारायचो. का सोडलं? तळ तर नंतर बंद झाला. आवाज होता, माणसं होती, बँकॉकची एक रेकॉर्ड कंपनी माणूस पाठवणार होती. ते लादीवर करवत ठेवायचे आणि म्हणायचे, “गुरू रागावला.” बस. दर वेळी तेवढंच. मी चिडायचो, मशीन कसं रागावेल, म्हणायचो. ते कापत राहायचे.

गेल्या आठवड्यात तुझ्या आईसोबत चंदनाच्या सालपटांची फुलं वळत बसलो होतो, चितेवर वाहायची. आई म्हणाली, “ते गुरू कोणाला म्हणायचे कळलं का तुला कधी?” आणि मग सांगितलं. त्यातलं निम्मं मला माहीत होतं, कारण मी तिथे होतो. शाळेतला गुरुपूजेचा दिवस. सगळी पोरं ताटात फुलं सजवून रांगेत. तू बारा वर्षांची, तुझं ताट सगळ्यांत सुंदर, दूर्वांची जुडी लाल दोऱ्याने बांधलेली, ती काकांनी बांधून दिली होती हे कोणालाही कळत होतं. आणि ती शहरातून आलेली नवी बाई, ताट घेता घेता, बाकीच्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हिच्या वडिलांचा गुरू म्हणे नाण्यावर चालतो. हिला विचारा, आमच्यात किती टाकायची.” सगळी रांग हसली. माझ्या पुढचा पोरगा सर्वांत जोरात हसला, त्याचा दात मी पाडला आणि छड्या खाल्ल्या, हे तुला आठवत असेल. पुढचं मला माहीत नव्हतं. तू घरी गेलीस, रिकामं ताट ठेवलंस आणि काकांना म्हणालीस, उद्यापासून मला शाळेत सोडायला येऊ नका. रडली नाहीस. आई म्हणते, रडली असती तर बरं झालं असतं.  पुढच्या गुरुवारी काका हार घेऊन बारमध्ये गेले, डोकं टेकवलं, आणि किमलानबाईंना म्हणाले, “आता नुसता बर्फ आणीन.” आणि आणत राहिले, जारुवान. तळ बंद होईपर्यंत, त्याच बारमध्ये, मागच्याच दाराने. आत त्यांच्या जागी कोणी दुसरा गायचा आणि ते लादी ठेवून निघून यायचे. गाणं संपेपर्यंत थांबत नसत.

हे ऐकून आलो, आणि आज सकाळी तुझ्या पाचव्या पानावर पोचलो. तिथे एक वाक्य आहे. ‘कन्येच्या शिक्षणासाठी त्यांनी इतर कामे सोडली.’ इतर कामे. मी ते जुळवत होतो आणि मधेच हात थांबला. म्हणजे तुला माहीत आहे. तुला कायम माहीत होतं. मला इतका राग आला की जुळवलेलं अख्खं पान हातातून सुटलं आणि खिळे फरशीभर पसरले. मामा ओरडला. मी गुडघ्यांवर बसून ते उचलायला लागलो, तुझीच ओळ, तुकड्यातुकड्याने, शाईने बरबटलेल्या बोटांनी. आणि उचलता उचलता वाटलं, बारा वर्षांची पोर होतीस तू. बाप गाणारा आहे याची लाज तुला नसेलच कदाचित. तू काका लपवत नाहीयेस, तो दिवस लपवते आहेस. गाणं लिहायचं तर गाणं का थांबलं तेही आलं, आणि ते लिहिताना तुझ्या हाताला काय झालं असतं ते मला कळतं. तरी हे ‘इतर कामे’ तू लिहिलंस. अगदीच खोडायचं असतं तर तेही लिहिलं नसतंस.

असं वाटलं, आणि तरी राग गेला नाही. तुझ्यावरचा थोडा त्या बाईवर गेला, थोडा काकांवर. लेकीने एक वाक्य म्हटलं आणि बापाने गाणंच टाकून दिलं, हा कसला अडेलपणा? नुसतं शाळेत सोडायला गेले नसते तर चाललं असतं की. तिने गाणं सोडा म्हटलंच नव्हतं. तू म्हटलं नव्हतंस, जारुवान. हे मला तुला कधीपासून सांगायचं आहे.

तर मी आठवं पान जुळवून ठेवलंय. मोठं काही नाही. बर्फ, वीज जाणं, जिमी प्रयून हे नाव, गुरुवारचा हार, विहाराची जत्रा. का सोडलं ते नाही. ते मी लिहिणार नाही, ते कोणाच्याही कपाटात जायची गरज नाही. जेवणाआधी ते तुझ्या आईला वाचून दाखवलं. तुसाच्या जागी हसली. म्हणाली, “पाटीवर नाव आलं त्या दिवशी शर्ट निळा नव्हता, हिरवा होता, मीच शिवला होता.” ते मी दुरुस्त केलं. मग बराच वेळ फुलं वळत बसली. छापू का, विचारलं, तर म्हणाली, “मला विचारू नकोस. पोरीने लिहिलंय, पोरीला विचार. तिच्या बापाने तिला न विचारता सोडलं होतं, आता तिला न विचारता छापायचं का?”  म्हणून तुला विचारतोय. शुक्रवारी दुपारपर्यंत तार कर. नुसतं ‘छाप’ लिहिलंस तरी पुरे. तार आली नाही तर पान कोरं जाईल. कमळ मी टाकू देणार नाही, मामाशी भांडावं लागलं तरी, पण तुझ्या नावाखाली माझे शब्दही घालणार नाही.

आता खरं सांगतो, हे पत्र पानासाठी लिहायला घेतलंच नव्हतं. काकांना मुलगा नाही. चितेसमोर एका दिवसाची भिक्षूची दीक्षा घेऊन त्यांना पुण्य कोणी मिळवून द्यायचं, हा प्रश्न होता. तुझ्या आईने आधी तुझ्या साहेबांना, होणाऱ्या नवऱ्याला, विचारलं, तर त्यांच्याकडे सोमवारी राज्यपाल येणार आहेत आणि भिक्षूसारखं डोकं आणि भुवया भादरलेल्या अवस्थेत स्वागताला उभं राहणं बरं दिसणार नाही म्हणे. मग आई माझ्याकडे आली. रविवारी पहाटे मी भिक्षू होईन. भन्तेंनी सांगितलं, वस्त्रं घेण्याआधी ज्यांच्या ज्यांच्याशी राग-लोभाची गाठ आहे त्यांची क्षमा मागून ये. मी दोन दिवस गावभर हिंडलो. मामाची मागितली. ज्याचा दात पाडला त्याची मागितली, तो आता सायकली दुरुस्त करतो, त्याला आठवतही नव्हतं. त्या सरांना बँकॉकला कार्ड टाकलं. उरलीस तू. दुपारी जेवून बसलो होतो ते एक ओळ लिहायला, ‘जारुवान, मला क्षमा कर’, आणि एवढी पानं झाली तरी ती ओळ आली नाही. रागाबद्दल क्षमा मागवत नाही, कारण तो खरा आहे. दुसरं जे आहे त्याबद्दल तर मुळीच मागणार नाही. भन्तेंना विचारलं, तर ते म्हणाले, क्षमा मागताना कशाबद्दल ते सांगावं लागत नाही, नुसतं मागायचं. तर, क्षमा कर. रविवारी तू मला हात जोडशील, आयुष्यात पहिल्यांदा, आणि भिक्षूने उलट हात जोडायचे नसतात, तेव्हा मी नुसता बघत राहीन. लोक संध्याकाळी वस्त्रं उतरवून घरी जातात. मी उतरवेन की नाही, मला अजून माहीत नाही.

रविवारी पहाटेपर्यंत तुझाच,
थावीप